प्रवेशानंतरचे पान

मराठी आत्मचरित्रांत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की, त्याची आता जणू रीतच पडून गेली आहे. गावाकडचा मुलगा वरच्या गुणांनी उत्तीर्ण होतो, मास्तर पाठीवर हात ठेवतात, आई कुणाकडून तरी उसनवार करून पैसे आणते, पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढते आणि मुलगा शहरातल्या नामांकित महाविद्यालयात दाखल होतो. इथपर्यंतचा प्रवास आपले लेखक जीव ओतून सांगतात. भुकेचे तपशील, फाटक्या कपड्यांचे तपशील, रॉकेलच्या दिव्याचे तपशील, सारे काही त्यांत असते. पुढची पाने मात्र भराभर उलटतात. थोड्याच मजकुरात पदवी हाती येते, नोकरी लागते, आईच्या डोळ्यांत पाणी येते. मधल्या तीन-चार वर्षांत त्या वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे वाचकाला बहुधा कळतच नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या गाळल्या गेलेल्या पानाचा विचार करू इच्छितो.

या पानावर काय असायला हवे होते, ते आधी सांगितले पाहिजे. वणी, घाटंजी, पांढरकवडा किंवा उमरखेड तालुक्यातील एखादा मुलगा शाळेत सतत पहिला आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात ज्या वर्गात तो बसतो, तेथे सगळेच आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात. कुणीतरी चाळिसावा येणे तेथे अपरिहार्य असते; पण तो चाळिसावा आपण असू, याची तयारी कुणी करून दिलेली नसते. व्याख्यान इंग्रजीत चालते. प्रश्न मनात उठतो तो वऱ्हाडीत किंवा गोरमाटीत, मग त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर, मग इंग्रजीत. तोवर तास पुढे गेलेला असतो. खोलीवर तोंडून सहज 'मले' निघाले की सोबती हसतात. त्या हसण्यात नेहमीच दुष्टावा असतो असे नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून मुलगा तोंड उघडण्यापूर्वी वाक्य तपासू लागतो, आणि वाक्य तपासणारा विद्यार्थी हळूहळू गप्प होत जातो. पहिल्या सत्रात के.टी. लागते. घरी फोनवर 'बरं चाललं आहे' एवढेच सांगितले जाते. शेवटी तो एका निष्कर्षाशी येतो: आपली निवडच चुकून झाली असावी, आणि ती चूक आज ना उद्या उघड होईल. तो राखीव जागेवरून आलेला असेल, तर हाच निष्कर्ष त्याच्या हाती तयार करून ठेवायला भोवतीची मंडळी सज्ज असतात.

नाताळच्या सुट्टीत धर्मग्रामात परतणाऱ्या मुलामुलींशी बोलताना आम्हांला हे पान ऐकू येते. ग्रंथांत मात्र ते सहसा सापडत नाही.

आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) घ्या. शिक्षणासाठी बापाशी, दारिद्र्याशी आणि शेतातील ढोरमेहनतीशी केलेल्या झगड्याची अशी कथा मराठीत दुसरी क्वचितच असेल. पण 'झोंबी' मॅट्रिकपर्यंत येऊन थांबते. 'नांगरणी' (१९९०) या पुढच्या खंडात लेखक महाविद्यालयात जातो, तरी तेथेही पैसा, राहण्याची जागा आणि घराची ओढ यांच्या हकिगतीने मन अधिक व्यापले जाते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) हे तर आईच्या नावाने उभे राहिलेल्या मुलाचे पुस्तक. तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचा हा मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पोहोचला आणि डॉक्टर झाला. २००७ मध्ये अपघाताने त्यांचे अकाली निधन झाले. हे पुस्तक मिटल्यावर मनात राहते ते आजोबांचे घर आणि आईचे तुटलेपण. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शेजाऱ्याची इंग्रजी ऐकून काय वाटले असेल, याची उत्सुकता वाचकाला लागते आणि ती बव्हंशी तशीच राहते. याबद्दल लेखकांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या घावातून रक्त अधिक वाहते, त्याकडे लेखणी आधी वळणार, हे स्वाभाविकच होय.

महाविद्यालयाच्या आतले जग विस्ताराने सांगणारी मराठीतील थोर कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, मेस आणि स्नेहसंमेलनाचे उपद्व्याप अंगावर घेतो, बापाचे पैसे उधळतो, अभ्यासातून निसटत जातो आणि अखेर पदवीविना गावी परततो. समीक्षकांनी या कादंबरीत अस्तित्ववाद शोधला, निरर्थकतेचे तत्त्वज्ञान शोधले. ते तेथे असेलही. आम्ही मात्र 'कोसला' आधी वसतिगृहाची कादंबरी म्हणून वाचतो. पांडुरंगाने नाना पदे अंगावर घेणे, सढळ हाताने खर्च करणे, प्रत्येक गोष्टीची टिंगल करणे, हे सारे आपण येथे कुणी तरी आहोत हे सिद्ध करण्याचे उपाय आहेत. वर्गातून मान मिळणार नसेल तर मेसमधून मिळवावा, असा तो सौदा आहे. सौदा फसतो तेव्हा उपहास तेवढा उरतो. सांगवीकराचा उपहास इतका चतुर आहे की, त्याखालची जखम पुष्कळ वाचकांच्या दृष्टीआड झाली.

परंतु 'कोसला'च्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पांडुरंगाचा बाप गावातील खाऊनपिऊन सुखी शेतकरी आहे. नापास झालेल्या मुलाला परतण्यासाठी वाडा आहे, शेत आहे. अपयश त्याला परवडते. म्हणूनच ते त्याला सांगताही येते. ज्याच्या प्रवेशासाठी घरातली शेवटची जनावरे विकली गेली, त्या मुलाला नापास होणे परवडत नाही, आणि 'मला वर्गात काही समजत नव्हते' असे पुढे लिहून ठेवणेही परवडत नाही. हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

या दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याची साक्ष आपल्या विदर्भातच एका लेखिकेने देऊन ठेवली आहे. कुमुद पावडे (१९३८–२०२३) यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या संस्कृतच्या शिक्षणाची हकिगत सांगणारा एक लेख आहे. पूर्वाश्रमीच्या कुमुद सोमकुवर या नागपूरच्या दलित घरातील मुलगी. संस्कृत शिकावे ही इच्छा शाळेतच मनात रुजली. पुढे त्या संस्कृतच्या एम.ए. झाल्या आणि अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. लोक कौतुक करतात, पण त्या कौतुकात आश्चर्य असते आणि आश्चर्यात अवहेलना दडलेली असते, हे त्यांनी नेमके टिपले आहे. एखाद्याच्या यशाचे फार आश्चर्य वाटणे म्हणजे त्याच्या अपयशाची खात्री आधीच धरलेली असणे, हे त्या लेखाने आम्हांला शिकवले.

लेखाचे खरे मर्म मात्र दोन शिक्षकांच्या चित्रणात आहे. शाळेतले गोखले गुरुजी दिसायला जुन्या वळणाचे, सोवळ्याओवळ्याचे. हे आपल्याला संस्कृत शिकवतील का, अशी धास्ती मुलीच्या मनात असते. गुरुजी मात्र तिला मोकळ्या मनाने शिकवतात, मायेने वागवतात. पुढे एम.ए.ला जे विभागप्रमुख भेटतात, ते भारतभर नावाजलेले पंडित. तथापि या मुलीने हा विषय घ्यावा हेच त्यांना रुचत नाही आणि ते ही नापसंती लपवत नाहीत. त्यांच्यासमोर उभे राहताना तिचा थरकाप होतो. मनातल्या मनात ती सारखी गुरुजींशी त्यांची तुलना करीत राहते.

या दोन चित्रांत जे घडते, त्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. विद्यार्थिनी तीच, भाषा तीच, व्याकरण तेच. एका शिक्षकासमोर तिची बुद्धी फुलते, दुसऱ्यासमोर ती अंग चोरून उभी राहते. बुद्धी जर मोजपट्टीने मोजण्याजोगी स्थिर वस्तू असती, तर असे होते ना. ज्याला आपण 'न्यूनगंड' म्हणतो आणि विद्यार्थ्याच्या मनाचा आजार समजतो, तो पुष्कळदा दोन माणसांच्या दरम्यान जन्मतो आणि नंतर एकाच्याच माथी राहतो. लेखाचा शेवटही विलक्षण बोचरा आहे. सोमकुवर या आडनावाने जी नोकरी मिळाली नाही, ती विवाहानंतर पावडे हे आडनाव लागल्यावर मिळाली. या यशाचे श्रेय सोमकुवर या नावाला नसून सवर्ण समजल्या गेलेल्या आडनावाला आहे, असे त्या स्पष्टच सांगतात.

या लेखातही एक उणीव आम्हांला जाणवते. धमकावणारे प्राध्यापक दिसतात, टोमणे ऐकू येतात. पण घरी परतल्यावर न उलगडणाऱ्या पानासमोर ती मुलगी कशी बसत होती, तिने काय सोडून दिले, काय पुन्हा हाती घेतले, याचा तपशील फार थोडा आहे. बाहेरचा अन्याय सांगितला गेला. आतली शंका जेमतेम सूचित झाली.

असे का व्हावे? आम्हांला तीन कारणे दिसतात. पहिले असे की, आत्मचरित्र लिहितो तो पार पडलेला माणूस. यशाच्या टेकाडावरून मागे पाहता वर्गातील ती वर्षे लहानशी दिसतात. दुसरे असे की, भूक, सावकार, जातीचा अपमान यांना दृश्यरूप असते. व्याख्यान न समजणे या घटनेला दृश्यरूप नाही. तेथे कुणी ओरडत नाही, काही मोडत नाही. असे प्रसंग रंगविण्याची रीतच आपल्या आत्मकथनाने घडविलेली नाही. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. वंचित समाजातून आलेल्या लेखकाभोवती 'गुणवत्ते'चा प्रश्न विचारणारे लोक टपून उभे असतात. 'मला जमत नव्हते' असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले, तर तेच वाक्य उद्या त्याच्या लहान भावाच्या प्रवेशाविरुद्ध वापरले जाईल, ही भीती निराधार नाही. म्हणून तो मौन पाळतो. हे मौन म्हणजे भित्रेपणा मानू नये. ती पाठच्यांसाठी घातलेली ढाल आहे.

परंतु या ढालीची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. आधीच्यांनाही असेच वाटले होते, हे तिला कुठे वाचायलाच मिळत नाही. प्रत्येक जण समजतो की, या वाटेने जाणारा आपण पहिलाच आणि एकटाच. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपविले. त्या आदिवासी तडवी समाजातील होत्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. डॉक्टरकीची पदवी मिळवून विशेष शिक्षणाला पोहोचलेल्या त्या स्त्रीच्या पात्रतेबद्दल शंका घेण्यास जागाच नव्हती. पात्रता सिद्ध झाल्यावरही माणसाला असे एकटे पाडता येते, एवढे या घटनेवरून समजून घ्यावे. त्यापूर्वी २००७ मध्ये, अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीचा अहवाल दिला होता. अहवाल येतात, त्यांवर चर्चा होतात. एका विद्यार्थ्याच्या मनात शिरण्याचे काम मात्र साहित्यच करू शकते.

येथे एक आक्षेप संभवतो. उणीव खरी असेल तर? मुलाची इंग्रजी खरोखरच कच्ची असते, गणिताचा पाया खरोखरच ठिसूळ असतो. मग त्याला वाटणारी अपात्रता खोटी कशी म्हणावी? हा आक्षेप टाळू नये. आमच्या परंपरेत त्याचे एक उत्तर आहे, आणि ते साऱ्या धर्मग्रामगुरूंच्या आश्रयदात्या संताच्याच चरित्रात आहे.

संत जॉन मेरी व्हियानी हा लिआँजवळच्या दार्दियी गावचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १७८६ चा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आणि शेतीच्या कामांत शाळा जेमतेमच झाली. विशीत पोहोचल्यावर तो लॅटिन शिकू लागला. १८१३ मध्ये लिआँच्या मोठ्या सेमिनरीत दाखल झाला. तेथे व्याख्याने लॅटिनमध्ये, प्रश्नही लॅटिनमध्ये. त्याला ना प्रश्न समजत, ना उत्तर देता येई. सेमिनरीने त्याला परत पाठविले. एक्युली गावचे धर्मगुरू बाले यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि तोच विषय त्याच्या मायबोलीत, फ्रेंचमध्ये, शिकविला. १८१५ मध्ये व्हियानी यांना गुरुदीक्षा मिळाली. आर्स या लहानशा गावात त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी देशभरातून माणसांची रीघ लागली. १९२५ मध्ये त्यांना संतपद आणि १९२९ मध्ये धर्मग्रामगुरूंच्या आश्रयदात्याचे पद मिळाले.

या चरित्रावर आपल्याकडे होणारी प्रवचने बहुधा एकच तात्पर्य काढतात: विद्येपेक्षा भक्ती मोठी. आम्हांला हे तात्पर्य अपुरे वाटते. कुमुद पावडे यांच्या लेखाशेजारी हे चरित्र ठेवून पाहा. तेथे संस्कृत, येथे लॅटिन. तेथे गोखले गुरुजी, येथे बाले. व्हियानींचे लॅटिन कच्चे होते, हे बाले यांनी नाकारले नाही, आणि 'तू हुशार आहेस' अशी खोटी समजूतही घातली नाही. भाषेची उणीव ही बुद्धीची उणीव नव्हे, एवढा विवेक त्यांनी केला आणि मग शिकवायला बसले. सेमिनरीने जे मोजले ते लॅटिन होते. तिने निर्णय दिला तो माणसाबद्दल. आजची नामांकित महाविद्यालये इंग्रजीच्या बाबतीत पुष्कळदा हेच करतात.

दुसरा मुद्दा नम्रतेचा. 'मी या जागेला लायक नाही' असे एखाद्या मुलाने सांगितले की आपल्या समाजात त्यास नम्रता समजण्याची चाल आहे. हा घातक गोंधळ होय. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या धर्मशास्त्रीय ग्रंथात उदात्त आकांक्षेला सद्गुण म्हटले आहे आणि मनाच्या कोतेपणाला, म्हणजे आपल्या आवाक्यातल्या कामापासून मागे सरण्याला, पाप म्हटले आहे. उदाहरण म्हणून ते संत मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखल्यामधला, धन्याचे द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणारा दास पुढे करतात. नम्रता म्हणजे स्वतःविषयीचे सत्य जाणणे. ज्याला काही येते त्याने 'मला काहीच येत नाही' असे म्हणणे हे सत्य नव्हे, म्हणून ती नम्रताही नव्हे. हे लिहिणाऱ्या थॉमसला कोलोन येथे विद्यार्थी असताना सोबती 'मुका बैल' म्हणून चिडवीत असत, ही गोष्ट आम्हांला येथे आवर्जून सांगावीशी वाटते. त्याचे मौन मंदपणाचे नाही, हे ओळखणारा शिक्षक त्याला लाभला: संत आल्बर्ट.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने ते वादात सापडले आणि अखेर वैशाली येडे या आमच्याच जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साहित्यात आमच्या जिल्ह्याची ओळख कोणती, हे त्या दिवशी पुन्हा अधोरेखित झाले. कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांवर येथे कविता झाल्या, कथा झाल्या, नाटके झाली. व्हायलाच हव्या होत्या. परंतु ज्या बापावर कविता लिहिली गेली, त्याची मुलगी पुढे बारावी झाली आणि मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात गेली, तेथून पुढचे तिचे आयुष्य आमच्या साहित्याच्या नजरेतून निसटले. शोकाचा विषय म्हणून तिला जागा मिळाली; विचार करणारी, गोंधळणारी, परीक्षेला घाबरणारी विद्यार्थिनी म्हणून ती अजून मिळायची आहे.

यवतमाळमध्येच राजू केंद्रे यांच्या पुढाकाराने 'एकलव्य' ही संस्था घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामवंत संस्थांची वाट दाखवते. नाव सूचक आहे. महाभारतातील एकलव्याला प्रवेशच नाकारला होता आणि गुरूने त्याच्याकडून काही घेतले ते अंगठाच. आजच्या एकलव्याला प्रवेश मिळतो. आत गेल्यावर त्याला काय द्यावे लागते, हा नवा प्रश्न आहे. काहींना बोली द्यावी लागते, काहींना आडनाव लपवावे लागते, काहींना स्वतःवरचा विश्वास.

जेथे महाविद्यालय विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहिले, तेथे काय घडते याचा दाखला मराठी साहित्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. त्याच्या परिसरात दलित साहित्याची चळवळ फुलली आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक आकारास आले. आपल्या बोलीची लाज न बाळगता बसता येईल असा वर्ग मिळाला, तेव्हा त्या वर्गाने मराठीला नवी भाषाच दिली.

म्हणून आमची अपेक्षा आज शिकत असलेल्या आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुण लेखकांकडे आहे. आमच्या समाजातील मुलेमुली आज वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा शिकत आहेत. काही सेमिनरीतही आहेत, आणि तेथील अवघड तास काही वेगळे नसतात. त्यांनी यश मिळेपर्यंत थांबू नये. न समजलेल्या तासाबद्दल, फोनवर आईला न सांगितलेल्या निकालाबद्दल, ग्रंथालयात एका पानावर घालविलेल्या संध्याकाळीबद्दल लिहावे. आणि ज्या शिक्षकाने, सोबत्याने ते पान उलगडून दाखविले, त्याच्याबद्दलही लिहावे. अशा लेखनाचा उपयोग विरोधक करतील, ही भीती राहणारच. पण त्याहून मोठा उपयोग पुढच्या जूनमध्ये पेटी घेऊन निघणाऱ्या मुलीला होईल. वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यात ते पान तिच्या हाती पडले, तर या खोलीत आपल्याआधीही कुणी तरी असेच बसले होते आणि पुढे उभे राहिले, एवढे तरी तिला कळेल.